काटकसरीचे सूर

पेटीवर तीन बोटे एकदम ठेवली की तीन सूर एकदम उमटतात. यात नवल वाटावे असे आपल्याला काही दिसत नाही. प्रत्येक पट्टीच्या वाट्याला तिची स्वतःची पितळी रीड असते, भाता सगळ्यांना हवा पुरवतो आणि जेवढ्या पट्ट्या दाबाल तेवढे सूर बोलतात. भजनी मंडळातल्या साध्या पेटीलाही हे जमते आणि त्यासाठी कोणी जादा पैसे मागत नाही. परंतु विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राला हीच साधी गोष्ट शिकायला फार वर्षे लागली. शिकल्यानंतरही ती सामान्य वादकाच्या खिशाला परवडावी यासाठी आणखी बराच काळ जावा लागला. ते यंत्र म्हणजे सिंथेसायझर. आज मला सांगायची आहे ती या वाद्याच्या स्वस्त होण्याची गोष्ट.

वाद्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा थोर वाद्यांचा सांगतो. सर्वांत महाग, सर्वांत मोठे, सर्वांत गाजलेले. पण बहुतेक वादकांच्या आयुष्यात ते थोर वाद्य कधी येतच नाही. त्यांच्याकडे मोजके पैसे असतात आणि त्या पैशात जे बसेल त्यातूनच त्यांना आपला सूर काढायचा असतो. म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा असतो. कमी पैशात मिळेल, एका वेळी अनेक सूर काढील आणि तरीही ज्याच्या आवाजाला स्वतःचा बाज असेल असे वाद्य कोणते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी एक समजून घ्यावे लागते. हे वाद्य मुळात एवढे महाग का होते?

सिंथेसायझरच्या पोटात ढोबळमानाने तीन कामे चालतात. पहिले काम ऑसिलेटरचे. तो कच्चा सूर काढतो. कर्कश, उपस्वरांनी गच्च भरलेला. दुसरे काम फिल्टरचे. फिल्टर म्हणजे गाळणीच. नको असलेले उपस्वर ती गाळते आणि तोच कर्कश सूर मऊ, गोल, कधी नाकातला, कधी घशातला करते. तिसरा भाग सुराचा आकार ठरवतो. सूर ताशाच्या ठोक्यासारखा फटकन उमटून विरावा, की तंबोऱ्यासारखा घोळत राहावा, हे त्याच्या हाती. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली असे भाग जोडून आपले पहिले यंत्र लोकांपुढे मांडले. १९७० साली त्याचे आटोपशीर रूप आले, त्याचे नाव मिनीमूग. किंमत सुमारे दीड हजार डॉलर. आवाज असा की आजही लोक त्याच्या आठवणी काढतात. पण एका वेळी सूर मात्र एकच. दोन पट्ट्या दाबा, तरी बोलणार एकच. सनईसारखे किंवा बासरीसारखे.

आता तीन सूर एकदम हवे असतील तर ऑसिलेटर, फिल्टर आणि आकार देणारा भाग असा सगळा संच तीनदा हवा. पेटीत एक सूर वाढवायचा म्हणजे एक पितळी रीड वाढवायची. इथे एक सूर वाढवायचा म्हणजे जवळजवळ एक अख्खे वाद्य वाढवायचे. शिवाय त्या काळचे विजेचे भाग तापले की सूर सरकत. एक ऑसिलेटर सुरात ठेवायचा म्हणजे दमछाक, तिथे दहा-बारा कोण ठेवणार? बहुस्वरी सिंथेसायझरच्या सगळ्या अर्थशास्त्राचे मूळ या गुणाकारात आहे. एका सुराचा खर्च गुणिले सुरांची संख्या. पुढे जे जे स्वस्त वाद्य आले त्याने या गुणाकारातला कुठला तरी आकडा खाली आणला. तो कुठला आणला, यावर त्याचा आवाज ठरला. माझे सांगणे एवढेच आहे. बाकी सगळी उदाहरणे.

या वाटेवरचे सर्वांत जुने नाव आहे नोव्हाकॉर्ड. अमेरिकेच्या हॅमंड कंपनीने ते १९३९ साली काढले. त्याला ७२ पट्ट्या होत्या आणि सगळ्या एकदम दाबल्या तरी सगळ्या बोलत. आत १६३ व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नळ्या होत्या. या वाद्यात एक फार हुशार युक्ती वापरली होती. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा सूर तेवढे बारा ऑसिलेटरनी काढायचे, आणि खालच्या सप्तकांसाठी त्यांचीच कंपनसंख्या निम्मी, मग त्याच्या निम्मी, अशी भागत जायची. सूर निम्म्या कंपनसंख्येला आणला की तो बरोबर एक सप्तक खाली उतरतो. म्हणजे ऑसिलेटर फक्त बारा आणि सूर बहात्तर. तरीही हे वाद्य एखाद्या कपाटाएवढे जड होते आणि १९४२ साली युद्धाच्या काळात त्याचे उत्पादन थांबले. युक्ती मात्र मेली नाही. १९७० नंतर हॉलंडमध्ये आणि इतरत्र जी तंतुवाद्यांचा आभास निर्माण करणारी यंत्रे निघाली, त्यांनी हीच भागाकाराची पद्धत उचलली. एमिनंट आणि सोलिना ही त्यातली गाजलेली नावे. फ्रान्सच्या झाँ-मिशेल जार याने १९७६ च्या ‘ऑक्सिजेन’ या ध्वनिमुद्रिकेत एमिनंटचा आवाज वापरला आणि तो जगभर पोहोचला.

या यंत्रांत काटकसर एका ठळक ठिकाणी केलेली असे. सूर अनेक, पण त्यांना शेवटचे रूप देणारी व्यवस्था सगळ्यांना मिळून एक. त्यामुळे प्रत्येक सुराचे स्वतंत्र उमटणे आणि विरणे तिथे ऐकू येत नसे. सगळे सूर एका चादरीखाली झोपल्यासारखे. दोष म्हणावा तर आहेच. पण त्या सगळ्या सुरांना किंचित हलवणारा, पातळ करून पसरवणारा जो परिणाम त्यात घातला होता, त्याने ही चादर रेशमाची वाटू लागली. तो आवाज पुढे लोकांना इतका आवडला की खऱ्या व्हायोलिनशी त्याचे साम्य किती हा प्रश्न मागे पडला.

खऱ्या अर्थाने प्रत्येक सुराला स्वतंत्र संच देणारी वाद्ये १९७५ च्या सुमारास आली. टॉम ओबरहाइम या अमेरिकन अभियंत्याने चार एकस्वरी यंत्रे एका पेटाऱ्यात बसवून फोर व्हॉइस नावाचे वाद्य केले. आवाज भरदार, पण एक आवाज बदलायचा तर चारही यंत्रांच्या कळा एकेक करून फिरवायच्या. चार भावांना एकाच मापाचे कपडे चार वेगवेगळ्या शिंप्यांकडून शिवून घेण्यासारखा प्रकार. जपानच्या यामाहाने त्यानंतर सीएस-८० आणले. त्याचे आठ आवाज आणि वजन सुमारे १०० किलो. कार्यक्रमाला न्यायचे तर वादकाआधी हमाल शोधावा लागे.

कोंडी फुटली ती १९७८ साली. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीच्या डेव्ह स्मिथने प्रॉफेट-५ काढले. त्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. पट्ट्या एकसष्ट असल्या तरी माणसाची बोटे दहाच. मग प्रत्येक पट्टीला स्वतंत्र संच कशाला? पाचच संच ठेवायचे आणि कुठली पट्टी दाबली गेली यावर एका संगणकी चिपने नजर ठेवायची. पट्टी दाबली की मोकळा असलेला संच तिकडे पाठवायचा. खाणावळीत एकसष्ट टेबले असली आणि वाढपी पाच असले, तरी एका वेळी पाचच गिऱ्हाइके आली तर कोणाची गैरसोय होत नाही, तसे. त्याच चिपने दुसरेही काम केले. जमवलेला आवाज लक्षात ठेवायचा आणि बटण दाबताच परत आणायचा. असे ४० आवाज त्यात साठवता येत. मात्र किंमत सुमारे ४,००० डॉलर. त्या वेळी अमेरिकेत एवढ्या पैशात नवी लहान मोटार येई. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली आणलेले ज्युपिटर-८ त्याहूनही महाग, पाच हजार डॉलरांच्या वर. स्टुडिओवाल्यांचा आणि गाजलेल्या कलावंतांचा प्रश्न सुटला होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाचा सुटला नव्हता.

तो सोडवायला दोन जपानी कंपन्या जवळपास एकाच वेळी पुढे आल्या. १९८१ साली कॉर्गने पॉलीसिक्स काढले. सहा आवाज, ३२ स्मृती आणि किंमत दोन हजार डॉलरांच्या आत, म्हणजे प्रॉफेटच्या निम्म्याहून कमी. १९८२ साली रोलँडने ज्युनो-६ आणले. तेही सहा आवाजांचे आणि आणखी स्वस्त. या दोघांनी काय केले? महागड्या वाद्यांत प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर असत. दोन ऑसिलेटर एकाच सुरात ठेवून एकाला केसभर सरकवले की दोघांच्या घर्षणातून आवाजाला भरीवपणा येतो. दोन माणसे मिळून एकच ओळ गातात तेव्हा येतो तसा. पॉलीसिक्स आणि ज्युनोने एक गायक घरी पाठवला. सुरामागे ऑसिलेटर एकच ठेवला. ज्युनो-६ मध्ये तर स्मृतीही काढून टाकली. जमवलेला आवाज लक्षात राहायला हवा असेल तर वहीत लिहून ठेवा. ती उणीव त्याच वर्षी आलेल्या ज्युनो-६० ने ५६ स्मृती देऊन भरून काढली.

एक गायक कमी केल्यावर आवाज किरकोळ व्हायला हवा होता. तसा तो झालाही. मग अभियंत्यांनी शेवटी एक कोरस नावाचे मंडळ बसवले. सहा सुरांना मिळून एकच. त्याची चाल समजायला गावात लागलेली आग डोळ्यांपुढे आणावी. विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहतात आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात. कोरसच्या चिपमध्ये आवाजाचे तुकडे असेच एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत जातात. इंग्रजीतही या जातीच्या चिपचे नाव बादल्यांच्या रांगेवरूनच पडले आहे. रांगेच्या शेवटी आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. हा उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहिले की सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. तो मूळ आवाजात मिसळला की एकट्या गायकाशेजारी दुसरा गायक उभा राहिल्याचा भास होतो. सहा ऑसिलेटरांचा खर्च वाचवून, एका स्वस्त मंडळाने साधलेला हा भास. त्याबरोबर थोडी सळसळही येते, पावसाच्या बारीक झिरमिरीसारखी.

आणि गंमत पाहा. आज ज्युनो म्हटले की लोकांना आठवतो तो त्याचा कोरसच. त्यातही दुसरा योगायोग. ज्युनोच्या ऑसिलेटरची लय एका स्थिर संगणकी घड्याळावर बांधलेली असल्याने सूर सरकत नसे. जुन्या वाद्यांची ओढाताण गेली आणि जरा थंडपणा आला. त्या थंडपणावर कोरसची ऊब पसरली आणि दोहोंच्या मिश्रणातून एक असा आवाज तयार झाला, जो महागड्या ज्युपिटरमधून हुबेहूब निघत नाही. मी शेर लिहिणारा माणूस आहे. दोन ओळींच्या मर्यादेत शब्द काटून-छाटून बसवताना कधी कधी असे होते की जागा नाही म्हणून जो शब्द घ्यावा लागला, तोच शेराचा प्राण ठरतो. ज्युनोच्या अभियंत्यांच्या टेबलावर असेच काही घडले असावे असे मला वाटते.

मात्र यावरून गरिबीचे गोडवे गायचे कारण नाही. प्रत्येक काटकसरीतून सोने निघत नाही. १९८३ च्या अखेरीस कॉर्गने पॉली-८०० बाजारात आणले. किंमत ७९५ डॉलर. सगळे आवाज स्मृतीत साठवणारे बहुस्वरी वाद्य हजार डॉलरांच्या खाली येण्याची ही पहिली वेळ. ते बॅटरीवर चाले आणि गिटारसारखा पट्टा लावून गळ्यात अडकवता येई. पण आठ सुरांना मिळून फिल्टर एकच. तीच जुनी चादर. एक सूर धरून दुसरा दाबला की धरलेल्या सुराचा रंगही त्याच्याबरोबर बदलू लागतो. बेसच्या ठसक्याला किंवा लांब पसरलेल्या सुरांना हे चालून जाते. ज्याला प्रत्येक सूर वेगळा फुलवायचा आहे, त्याला मात्र ही उणीव टोचतेच. ती उणीवच आहे आणि तिला उणीवच म्हटले पाहिजे.

त्याच १९८३ सालात आणखी दोन मोठ्या गोष्टी घडल्या. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकाच्या पट्ट्या दाबल्यावर दुसरे बोलले. ती मिडी या सामाईक भाषेची सुरुवात. तिच्यासाठी डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना पुढे २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्पर्धक कंपन्यांनी एक भाषा मान्य केली, याचा फायदा सर्वांत जास्त कोणाला झाला असेल तर तो थोड्या पैशांच्या वादकाला. एकदा घेतलेले वाद्य नव्या वाद्याशी बोलू शकणार होते. एकेक करून जमवता येणार होते.

दुसरी गोष्ट यामाहाच्या डीएक्स-७ ची. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या गणिती पद्धतीवर ते चाले. एका लहरीने दुसरीला थरथरवायचे आणि त्यातून उपस्वर जन्माला घालायचे. फिल्टर नाही, गाळणी नाही, सगळे आकड्यांत. १६ आवाज आणि किंमत सुमारे दोन हजार डॉलर. घंटेचा, काचेचा, विजेच्या पियानोचा आवाज त्यातून लखलखीत निघे. जग त्यावर तुटून पडले. कॅसिओने १९८४ साली आपल्या वेगळ्या गणिती पद्धतीचे सीझेड-१०१ काढले. पट्ट्या खेळण्यासारख्या लहान, बॅटरीवर चालणारे आणि किंमत पाचशे डॉलरांच्या आसपास. तरी त्यातून चार वेगवेगळे आवाज मिडीवरून एकदम वाजवता येत. त्याच वर्षी रोलँडचे ज्युनो-१०६ आले. सहा आवाज, १२८ स्मृती, मिडी, अकराशे डॉलरांच्या आसपास. म्हणजे प्रॉफेट-५ नंतर सहा वर्षांत बहुस्वरी सूर चार हजारांवरून पाचशेवर उतरला होता.

डीएक्स-७ च्या लखलखाटात जुन्या पद्धतीची वाद्ये शिळी वाटू लागली. लोकांनी ती विकायला काढली. शिकागो आणि डेट्रॉइट या अमेरिकन शहरांतल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांनी ती घेतली, कारण स्वस्त होती. त्यातून हाउस आणि टेक्नो हे नवे नृत्यसंगीत उभे राहिले. ज्युनो-१०६ त्यातले एक लाडके वाद्य. रोलँडचेच टीबी-३०३ हे एकस्वरी बेसचे यंत्र तर बाजारात साफ पडले होते. १९८१ साली निघाले आणि १९८४ साली बंद झाले. गिटारवाल्याला घरी साथीला बेस मिळावा म्हणून केलेले हे यंत्र शिकागोच्या फ्यूचर नावाच्या गटाने त्याच्या कळा वेड्यावाकड्या फिरवत वाजवले आणि १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या तबकडीतून एका नव्या प्रकाराला नाव मिळाले.

या टीबी-३०३ चा धागा मुंबईपर्यंत येतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली, म्हणजे शिकागोच्या त्या तबकडीच्या पाच वर्षे आधी, दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. डिस्कोचा ठेका आणि त्यावर राग. त्यात त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि रोलँडचेच टीआर-८०८ हे तालयंत्र वापरले. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत महागड्या बहुस्वरी वाद्यांपैकी एक आणि शेजारी बाजारात पडलेले स्वस्त यंत्र. टीबी-३०३ च्या सूर घसरवण्याच्या कळेत त्यांना मींड दिसली. यंत्र बनवणाऱ्यांनी जे मनात आणले नव्हते ते रागाच्या कानाने हेरले. तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. उतारवयात का होईना, परदेशच्या मंचांवर ते पुन्हा वाजवू शकले याचे मला बरे वाटते.

पुढची गोष्ट उलटी आहे. ज्या वाद्यांना स्वस्त म्हणून उचलले गेले, तीच नावारूपाला आली आणि महाग झाली. चाळीस वर्षांपूर्वीचे ज्युनो-१०६ आज अनेकदा त्याच्या मूळ छापील किमतीपेक्षा जास्त डॉलरांना विकले जाते. नव्या पिढीतल्या गरीब वादकाचे दार पुन्हा बंद झाले म्हणायचे. ते किलकिले झाले २०१० नंतर. कॉर्गने २०१३ साली व्होल्का कीज नावाचे ओंजळीत मावणारे, बॅटरीवर चालणारे, तीन सुरांचे वाद्य आणले. त्यात तिन्ही सुरांना मिळून फिल्टर एकच. तीस वर्षांनंतर तीच पॉली-८०० ची काटकसर! २०१६ साली त्याच कंपनीचे मिनीलॉग आले. चार आवाज, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर आणि स्वतःचा फिल्टर, ३७ लहान पट्ट्या, किंमत सुमारे ५०० डॉलर. त्यानंतर बेहरिंगर कंपनीने ज्युनोच्या वळणावर बारा आवाजांचे डीपमाइंड हजार डॉलरांच्या आसपास आणले.

माझ्या ओळखीत लग्नसमारंभात वाजवणारी काही मुले आहेत. त्यांच्याकडे जेमतेम जुन्या दुचाकीएवढे पैसे असतात आणि घरातली दहा कामे त्या पैशांकडे डोळे लावून बसलेली असतात. एकदा चुकीचे वाद्य घेतले तर दोन हंगाम फुकट जातात. अशा मुलाला मी या इतिहासातून काय सांगू शकतो? ‘सर्वांत चांगले कोणते?’ हे विचारू नकोस, एवढे तर नक्कीच. त्याऐवजी प्रत्येक वाद्यापुढे उभे राहून विचार, ‘बाबा रे, तुला करताना काटकसर कुठे केली?’ ती काटकसर तुझ्या कामात आड येणार असेल तर कितीही नावाजलेले वाद्य असो, सोडून दे. आड येत नसेल तर तेच तुझे.

म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. डाव्या हाताने तीन सुरांची साथ आणि उजव्या हाताने चाल वाजवणाऱ्याला चार आवाज कसेबसे पुरतात. पाचवी पट्टी दाबली की आधीच्यांपैकी एक सूर मधेच तुटतो. त्याला सहा हवेत. नुसती चाल आणि खाली एखादा धरलेला सूर एवढेच हवे असेल, तर चार भरपूर. सुरांची लांब चादर अंथरायची असेल तर सामाईक फिल्टर चालेल. प्रत्येक सूर वेगळा बोलायला हवा असेल तर नाही चालणार. दहा बोटांनी पेटीसारखे सफाईने वाजवणाऱ्याला लहान पट्ट्या त्रास देतील. बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा व्हायला हवा असेल तर ज्युनो-१०६ चा किंवा पॉली-८०० चा उपयोग नाही, त्यांना तो दाब कळतच नाही. नव्याने शिकणाऱ्याला प्रत्येक कामाची वेगळी कळ समोर दिसणारे वाद्य बरे. कळ फिरवली आणि काय बदलले ते कानाला लगेच समजते. एकाच बटणामागे पन्नास आकडे दडवलेले वाद्य स्वस्त मिळाले तरी ते शिकायला वेळ मागते. तो खर्चही धरावा.

जुन्या वाद्याच्या मोहात पडण्याआधी त्याचे दुखणे माहीत असावे. ज्युनो-१०६ मधल्या सहा सुरांच्या सहा चिपांवर एक लेप दिलेला आहे आणि वयानुसार त्या लेपामुळे चिपा निकामी होतात. अशा वाद्यावर एकच पट्टी सावकाश सहा-सात वेळा दाबून पाहावी. साधारणपणे प्रत्येक दाबाला पुढचा संच बोलतो, म्हणून एखादा आजारी असेल तर दर सहाव्या वेळी सूर तडतडतो, दबतो किंवा गायब होतो. पॉलीसिक्सच्या आत स्मृती जपणारी एक छोटी बॅटरी असते. ती गळली की तिचे पाणी खालच्या पट्टीवरच्या तारा खाऊन टाकते. ते वाद्य उघडून दाखवल्याशिवाय घेऊ नये. आपल्या गावात हे दुरुस्त करणारा कारागीर कोण, हा प्रश्नही आधी सोडवावा. नसेल तर नव्या, हमीच्या, चार आवाजांच्या वाद्याचा बाज थोडा कमी वाटला तरी ते जास्त दिवस साथ देईल.

कोणी म्हणेल, हे सगळे आवाज आता संगणकात मिळतात, रोलँडनेच आपल्या जुन्या वाद्यांची संगणकी रूपे विकायला ठेवली आहेत, मग हा खटाटोप कशाला? ज्याच्याकडे संगणक आधीच आहे आणि ज्याला घरी बसून गाणी रचायची आहेत, त्याने खरोखर तोच रस्ता धरावा. पैसे वाचतील. मांडवात वीज दोनदा जाते तिथे, धुळीत आणि घाईत वाजवणाऱ्याला मात्र कळ हाताखाली असलेले आणि सुरू होताच बोलणारे यंत्र लागते.

दुकानात गेल्यावर विक्रेता तयार आवाजांची यादी वाजवून दाखवील. ती ऐकून घ्यावी आणि बाजूला ठेवावी. त्यातले बरेचसे आवाज सजवून बसवलेले असतात. नंतर सगळे परिणाम बंद करून एकच सूर काढावा, तो धरून ठेवावा आणि फिल्टरची कळ अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. एक मिनिट लागते. मग दुसरा सूर त्यात मिसळावा, मग तिसरा. मधे कुठे तरी काटकसर ऐकू येईल. ती ऐकूनही हात त्या कळेवरून निघाला नाही, तर भाव विचारायला हरकत नाही.